मेथीतला टायगर

"ऐकलंस का गं, चौदा नंबरकडे पोलीस येऊन गेले!"

फेब्रुवारीतल्या वादळात आमच्या आणि काकूंच्या मागच्या अंगणांमधल्या कुंपणाची एक फळी उडाली, ती अजून बसवलेली नाही. कुणी बसवायची यावर दोन्ही घरांत एकमत नाही. डावीकडचं कुंपण आपलं, असं इथे रेडिंगमध्ये कुणीही छातीठोक सांगतं. कायद्यात तसलं काही नाही. घराच्या कागदपत्रांत असेल ते खरं, आणि आमच्या दोन्ही घरांच्या कागदपत्रांत त्याबद्दल अवाक्षर नाही. मला विचाराल तर बरंच झालं. त्या फटीतून आजवर विरजण, कढीपत्ता, वाटीवाटीने साबुदाणा आणि अख्ख्या गल्लीच्या बातम्या इकडून तिकडे गेल्या आहेत.

"पोलीस? कशाला?"

काकूंनी तोंडातला चिमटा काढून काकांच्या बनियनला लावला. बातमी कितीही गरम असो, कपडे वाळत घालायचं काम त्या थांबवत नाहीत.

"गुरुवारी संध्याकाळी तो आवाज नव्हता का झाला? तू म्हणालीस, कुणाचा तरी बॉयलर उडाला."

म्हणाले होते खरी. हातातलं लाटणं खाली पडलं होतं माझ्या.

"बॉयलर कसला! रणगाडा उडाला त्याचा."

आम्ही शेजाऱ्यांची नावं घेत नाही, घरांचे नंबर घेतो. मराठी इथे कुणाला कळत नसलं तरी स्वतःचं नाव ज्याला त्याला कळतं. तर हा चौदा नंबर म्हणजे निवृत्त बसचालक, सरळ माणूस, कचऱ्याची बिनं बाहेर काढायची विसरलात तर आपणहून काढून ठेवणारा. बायको गेल्यापासून त्याने रिमोटवर चालणारे रणगाडे पाळले आहेत. पाळले हा शब्द काकूंचा. चिनी बनावटीचा हेंग लाँगचा टायगर, एकास सोळा मापाचा, म्हणजे तोफेसकट हातभर लांब.

"त्यात मुळात प्लास्टिकच्या बारक्या गोळ्या उडवायची सोय असते," काकू सांगू लागल्या. "पण आवाज कसा, तर स्टेपलर मारल्यासारखा. तो म्हणे, टायगरच्या तोंडी हा आवाज शोभत नाही. मग गेल्या नोव्हेंबरातले उरलेले फटाके घेतले आणि फोडले."

"वाजवले?"

"वाजवले नाही गं, फोडले. कातरीने. आतली दारू काढली आणि तोफेच्या जागी तांब्याची नळी बसवून तिच्यात भरली. बुरूज उडाला तो थेट बारा नंबरच्या ट्रॅम्पोलीनवर. नशीब, पोरं आत जेवत होती. बारा नंबरने फोन केला, दोन पोलीस आले. चहा प्यायले म्हणे."

"चहा प्यायले म्हणजे गंभीर नसावं."

"चहा प्यायले आणि जाताना खोकं घेऊन गेले. आता बोल."

मी बोलणार काय! खरी काळजी चौदा नंबरची नव्हती, ती काकूंच्या स्वतःच्या गॅरेजमध्ये होती. काकाही टायगरच बांधतात, पण एकास सहा मापाचा, पत्र्याचा नि ॲल्युमिनियमचा. चार वर्षं झाली. गाडी बाहेर पावसात आणि टायगर आत हीटर लावून. त्याची सुरुवात बोव्हिंग्टनला झाली. डॉर्सेटमधल्या तिथल्या टँक म्युझियममध्ये टायगर १३१ आहे, १९४३ च्या एप्रिलमध्ये ट्युनिशियात इंग्रजांच्या हाती लागलेला. त्याचं मूळचं यंत्र आता त्यात नाही, पण दुसरं बसवून तो आजही चालवतात. ५७ टनांचं ते धूड काकांनी मैदानात वळताना पाहिलं आणि घरी येताना गाडीत अडीच तास एक शब्द बोलले नाहीत. काकूंना वाटलं, ॲसिडिटी.

"महायुद्ध पंचेचाळीस साली संपलं," काकू म्हणतात, "आमच्या गॅरेजमध्ये अजून चालू आहे."

त्यातून काकूंना रणगाड्याचं नावीन्य नाही. त्यांचं माहेर नगरचं, भिंगारचं. रणगाड्यांच्या फौजेचं प्रशिक्षण तिथलंच, आणि आता तिथे टँक म्युझियमही आहे. खारे कर्जुनेच्या केके रेंजवर सराव सुरू झाला आणि वारा गावाकडे असला, की घराची तावदानं थरथरायची. बाकीच्या गावांत पोरं विचारतात, आज पाऊस पडेल का. ही पोरं विचारायची, आज फायरिंग आहे का. काकूंची आई म्हणे बोलता बोलता एक हात फळीवरच्या बरण्यांवर ठेवायची, आवाज विरला की काढायची. बोलणं मात्र मध्येच तुटत नसे.

"मला तोफेचं भय नाही," काकू म्हणाल्या, "मला पोलिसांचं आहे. उद्या आमच्याकडे आले तर यांचा टायगर काही खोक्यात मावायचा नाही."

तेवढ्यात काका आलेच. कपाळाला ग्रीस, कानामागे पेन्सिल.

"चौदा नंबरचं चाललंय ना? त्याची चूक काय झाली सांगू का?"

"सांगू नका म्हटलं तर राहणार आहात का?" काकू.

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले. नियम वाचणं हे त्यांचं खाणंपिणं. काहीही चालू करण्याआधी त्याची नियमावली वाचणारा माणूस दुर्मीळ असतो आणि लग्नाला कठीण असतो, असं काकूंचं मत.

"त्याला वाटलं, फटाका मी दुकानातून रीतसर घेतला, वय अठराच्या वर आहे, म्हणजे आतली दारूही माझीच. तसं नाही. इथल्या २०१४ च्या स्फोटकांच्या नियमांत 'उत्पादन' या शब्दाची व्याख्या बघ. फटाका बनवणं तर उत्पादन आहेच, फटाका उकलणं हेही उत्पादनच."

"मोडलेलं पण बनवलेलं?"

"दारूच्या बाबतीत हो. आणि उत्पादनाला परवाना लागतो. कातर चालवली त्या क्षणी आपला चौदा नंबर कायद्याच्या लेखी दारूगोळ्याचा कारखानदार झाला."

मला त्या सरळ माणसाची दया आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, ऑइलक्लॉथवर बसलेला कारखानदार.

"पण थोडीशी चालते म्हणे ना?" मी म्हटलं. माझ्या कानावर कुठूनतरी आलं होतं. "शंभर ग्रॅमपर्यंत?"

"हे अर्धवट वाक्य फार पसरलंय!" काका खुशीत आले. त्यांना चूक दुरुस्त करायला मिळाली की असा चेहरा होतो. "१०० ग्रॅमची सवलत आहे ती प्रयोगशाळेतलं पृथक्करण, चाचणी, प्रात्यक्षिक, प्रयोग यांच्यासाठी. त्याच ओळीत पुढे लिहिलंय, प्रत्यक्ष वापरासाठी नाही आणि विकायलाही नाही. आता अंगणात तोफ उडवणं हा वापर नाही तर काय? लोक वाक्याचा पहिला भाग वाचतात आणि खुश होतात."

"मग विकत घेतलेली चालेल? तयार काळी दारू?"

"चालेल की. जुन्या बंदुकांचे षौकीन घेतात, इतिहासातल्या लढाया मैदानात करून दाखवणारे घेतात. पण त्याला पोलिसांकडून स्फोटकांचं सर्टिफिकेट काढावं लागतं. घ्यायलाही आणि ठेवायलाही. कुठे ठेवणार, कशी ठेवणार, सगळं विचारतात. लाकडाची कप्प्याकप्प्यांची पेटी लागते."

"मसाल्याच्या डब्यासारखी," काकू म्हणाल्या. "पण ह्यांनी ती आणली तर मी माहेरी."

काकूंच्या माहेरी आता कुणी नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. तरी ती धमकी अजून चालते.

"हे झालं दारूचं," काका पुढे निघाले. "आता नळीचं. इथेच खरी गंमत आहे. नळी आरपार असेल, मागे दारू ठासायला जागा असेल आणि तिच्यातून निघालेली वस्तू माणसाचा जीव घेऊ शकत असेल, तर १९६८ चा कायदा तिला बंदूक म्हणतो. ती खेळण्यावर बसवलीय की खांद्यावर, हे तो विचारत नाही. मग प्रश्न लांबीचा. आतून गुळगुळीत नळी २४ इंचांहून आखूड नसेल आणि भोक २ इंचांच्या वर नसेल, तर शॉटगन सर्टिफिकेट. आखूड असेल तर फायरआर्म सर्टिफिकेट, ते मिळवणं जास्त अवघड."

काकू एकदम आत गेल्या आणि शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन आल्या. गॅरेजचं दार उघडंच होतं. त्या आत वाकल्या, टायगरच्या तोफेला टेप लावली आणि ओरडल्या, "ब्याऐंशी सेंटिमीटर!"

"बत्तीस इंच!" काकांनी तिथूनच गुणाकार केला. "खऱ्या टायगरची नळी ४ मीटर ९३ सेंटिमीटर. भागिले सहा. बरोब्बर आलं बघ!" नळी मापात बसल्याचा त्यांना इतका आनंद झाला, की मूळ मुद्दा राहिलाच.

मुद्दा मी मनात मोजला. चौदा नंबरचा टायगर एकास सोळा, म्हणजे नळी जेमतेम एकतीस सेंटिमीटर, बारा इंच. म्हणजे काकांच्या अंगणभर रणगाड्याने खरी तोफ डागायची ठरवली असती तर शॉटगनच्या कागदावर भागलं असतं, आणि चौदा नंबरच्या हातभर खेळण्याला त्याहून जड कागद. मोठ्याला सोपं आणि बारक्याला कठीण. सरकारचं हे कुठल्याही देशात चुकत नाही, पण इथे त्यामागे शहाणपण आहे. आखूड बंदूक कोटात लपते.

"आमच्याला यातलं काहीच लागत नाही," काका गंभीर झाले. "आपली नळी मागून बंद आहे. आत दिवा आहे."

"आणि त्या प्लास्टिकच्या गोळ्या?" मी विचारलं. माझ्या भाच्याला तसलाच रणगाडा हवा आहे.

"त्याला १ जूलची रेघ आहे. २०१७ पासून. नळीतून निघताना गोळीत १ जूलहून जास्त जोर असेल तर ती जीवघेण्या नळ्यांच्या यादीत जाते. एअरसॉफ्टवाल्यांना त्यात थोडी सूट आहे. १ जूल म्हणजे किती? ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने. या रणगाड्यांच्या स्प्रिंगा त्या रेघेच्या अलीकडच्या. तरी डोळ्यात गेली तर डोळा जातो, तेव्हा भाच्याला चष्मा घेऊन दे. आणि बघ, टायगरची खरी तोफ ८८ मिलिमीटरची. भागिले सोळा, साडेपाच. गोळी सहाची. म्हणजे चिनी माणसाने माप जवळजवळ खरंच साधलंय!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"टिकल्या का नाही भरत तोफेत?" काकूंनी मध्येच विचारलं. "लाल फीत असायची ती. लहानपणी आम्ही दगडाने वाजवायचो. बंदूक भावाला, दगड आम्हाला."

काका क्षणभर थांबले. प्रश्न चांगला होता. "खेळण्यातल्या टिकल्यांना इथल्या फटाक्यांच्या नियमांनी वगळलंय, त्या खेळण्यांच्या नियमांत मोडतात. टिकली टिकली म्हणून वाजली तर खेळणं. दहा टिकल्या खरवडून पुडी बांधलीस की पुन्हा तोच कारखाना."

"म्हणजे दगड तेवढा बिनपरवान्याचा," काकू म्हणाल्या.

मला आमच्या मंडळाचं नाटक आठवलं. बाजीप्रभूंचा प्रवेश होता, गजापूरची खिंड. महाराज विशाळगडावर पोचल्याच्या तोफा ऐकू आल्याशिवाय बाजीला प्राण सोडता येत नाहीत, हे चौथीतल्या पोरालाही माहीत. आम्हाला तोफ दणकेबाज हवी होती. रंगभूमीसाठी वेगळी आतषबाजी मिळते, तिच्यात दोन वर्ग आहेत. टी १ अठरा वर्षांवरच्या कुणालाही विकतात, टी २ फक्त त्यातलं खास ज्ञान असलेल्यांनाच. आम्ही ज्ञानी नव्हतो, पण अठराच्या वर नक्की होतो. तरी हॉलवाल्याने टी १ चं नाव काढताच पडद्यांकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. मग ब्लूटूथचा स्पीकर आणला. ऐन वेळी तो मागे वडे तळणाऱ्या मावशींच्या फोनला जोडला गेला. खिंडीत बाजी घायाळ, दोन्ही हातांत तलवारी, कान विशाळगडाकडे, आणि स्पीकरमधून मावशींच्या सुनेचा आवाज: आई, अजून किती वेळ? बाजी मरेना. शेवटी विंगेतून कुणीतरी स्टीलच्या पिंपावर लाथ मारली, तेव्हा कुठे सुटका झाली.

"बघ!" काका म्हणाले. "आवाजाचं तंत्र नीट हवं. दारू लागतच नाही."

"दिवाळीत तरी वाजवू देतात ना इथे?" मी सहज म्हटलं. एरवी रात्री अकराला फटाके बंद, हे मला माहीत होतं.

"दिवाळीच्या रात्री १ वाजेपर्यंत!" काकूच म्हणाल्या. हे त्यांना पाठ आहे. "आणि त्यांच्या स्वतःच्या पाच नोव्हेंबरला बाराच वाजेपर्यंत. आपल्याला तासभर जास्त. मी चौदा नंबरला सांगितलं होतं हे, तेव्हा तो म्हणाला, म्हणजे तुमची राणीशी ओळख दिसते."

नियम २००४ चा आहे, तेव्हा राणी होती. दुकानदारांनाही दिवाळीच्या आधी तीन दिवस खास परवान्याशिवाय फटाके विकता येतात. फक्त १२० डेसिबलच्या वरचा आवाज काढणारं काही घरगुती गिऱ्हाइकाला विकत नाहीत. म्हणजे सुतळी बॉम्बच्या आठवणींनी गदगदून येणाऱ्यांनी आठवणींवरच भागवायचं.

"पण दिवाळीची सूट फटाक्याला आहे," काकांनी बोट उगारलं. "फटाका जसा विकला तसा उडवायला. रणगाड्यात घालून नव्हे."

"कळलं हो," काकू म्हणाल्या. "कुणी घालत नाहीये."

आता काकांना राहवेना. दारू नाही, गोळी नाही, आरपार नळी नाही, मग तोफ उडते कशी हे दाखवल्याशिवाय ते आम्हाला सोडणार नव्हते. तामियाने एकास सोळाच्या रणगाड्यांत ही युक्ती कधीच रुळवली आहे. नळीच्या तोंडाशी जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी झेनॉनची नळी लखकन पेटते, त्याच क्षणी तोफ झटक्याने मागे जाते आणि सावकाश पुढे येते, आणि सगळा रणगाडा धक्का बसल्यासारखा मागे सरकतो. लढाई खेळायची तर गोळीऐवजी अवरक्त किरण सुटतो. समोरच्याला लागला की त्याचा रणगाडा हादरतो, आणि पुरेसे घाव बसले की जागीच ठप्प होतो. काकांनी तेच एकास सहाच्या मापात आणलं होतं. वर धुराचं यंत्र स्वतःचं: तापणारी तार, तेल शोषलेली वात आणि बारका पंखा.

"तरीच!" मला उलगडा झाला. "मंगळवारी मला वाटलं, काकूंची फोडणी जळली."

"सगळ्यांना माझीच फोडणी दिसते," काकू म्हणाल्या.

गॅरेजमधून आधी घरघर आली. मग नळी बाहेर आली, मग बराच वेळ नळीच येत राहिली, मग टायगर. खऱ्याच्या हिशेबाने त्याचं वजन २६४ किलो भरायला हवं, कारण तिन्ही बाजूंनी सहा-सहा पट म्हणजे दोनशे सोळा पट. काकांचा त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे, तरी फरशी ओलांडताना खालची एक लादी कुरकुरली. पट्ट्यांची एकेक कडी काकांनी हाताने घासलेली. बुरुजाच्या कडेला राखाडी रंगाखालून धातू डोकावत होता, वापरून झिजल्यासारखा. तोही त्यांनी मुद्दाम झिजवलेला, दात घासायच्या ब्रशने. काकूंच्या ब्रशने, हे मला नंतर कळलं.

काकांनी रिमोट हातात घेतला, आजूबाजूला पाहिलं. "आवाज कमीच ठेवतो. फार झाला तर कौन्सिलकडे तक्रार जाते, त्याचा कायदा निराळा."

चौदा नंबर आपल्या वरच्या खिडकीत येऊन उभा होता. काकूंनी त्याला हात केला, त्याने ओशाळून केला.

टायगर हिरवळीवर आला. बुरूज हळूहळू फिरला, तोफ जरा वर उचलली गेली. मी फटीच्या अलीकडे, काकू पलीकडे. कुंपणाच्या खांबावर माझ्यासाठी काढून ठेवलेला लोणच्याचा डबा होता.

लख्ख उजेड पडला. नळी मागे गेली. पोटातल्या स्पीकरमधून निघालेला तो दणका कमी ठेवलेला म्हणे, पण तळपायांतून वर आला. करड्या धुराचा गोळा नळीतून सुटला आणि तेलकट वासासकट कपड्यांच्या दोरीखालून गेला. खिडकीतल्या चौदा नंबरने टाळ्या वाजवल्या. काकूंचं माझ्याशी काहीतरी बोलणं चाललं होतं, धुतलेल्या कपड्यांना आता परत वास लागणार असं काहीसं. ते वाक्य त्यांनी न थांबता पुरं केलं, आणि तेवढा वेळ त्यांचा एक हात खांबावरच्या डब्यावर होता.

मग त्यांनी खाली पाहिलं.

धक्का बसून टायगर हातभर मागे सरकला होता. हिरवळ जिथे संपते तिथून काकूंचा मेथीचा वाफा सुरू होतो. दोन्ही पट्ट्या वाफ्यात होत्या.

"अहो."

काका तोफेकडे बघत होते. "नळी परत येताना थोडी अडकली का गं? मला वाटलं अडकली."

"अहो, दारूला सर्टिफिकेट, नळीला सर्टिफिकेट, गोळीला एक जूल. मेथीला काय आहे तुमच्या त्या नियमांत?"

काकांनी रिमोटवरची काडी पुढे केली. टायगर जड पावलांनी वाफ्यातून निघाला आणि जाताना उरलेली ओळही घेऊन गेला. काकूंनी ओणवं होऊन चेंगरलेल्या काड्या गोळा केल्या, मुळं खुडली आणि जुडी करून फटीतून माझ्या हातात कोंबली.

"ने. रात्री पिठल्यात घाल. आणि तीनदा धू, ग्रीस आहे तिला."